सहाव्या घराची पोटदुखी

पोळा होऊन गेला होता. पाऊस आता मनात येईल तेव्हा यायचा, दोन शिंतोडे टाकायचा आणि पुढच्या गावाला निघून जायचा. तिवस्याहून मोझरीकडे येताना लागणाऱ्या त्या गावात, केशवरावांच्या अंगणात, त्यांची लेक खुशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या धूत बसली होती. घमेल्यातलं मातकट पाणी तिनं न बघताच रस्त्यावर भिरकावलं… आणि कुणीतरी "अरे अरे!" म्हणून ओरडलं.

खुशीनं वळून पाहिलं. एक तरुण पार निथळत उभा होता. चष्म्यावर पाणी, सदऱ्यावर सांबाराची पानं, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलेला एक निळा डबा.

"दिसत नाही का वो तुमाले?" चूक आपली होती, म्हणूनच ती जोरात बोलली.

"मला दिसतं. पाण्याला दिसलं नसावं." त्यानं डबा हलकेच खाली घेतला. "जाऊ द्या. डबा वाचला."

"असं काय सोनं हाय त्यात?"

"मागच्या गावचं पाणी."

"पाणी? पाण्याले पाण्यापासून वाचवून राहिले तुमी?"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक छोटीशी खळी पडली, आणि खुशीनं ती नको तितकी नीट पाहिली. तिनं दोरीवर वाळत घातलेला बाबांचा दुपट्टा पुढे केला. त्यानं आधी डबा पुसला, मग चष्मा… आणि तोंड पुसायचं विसरूनच गेला.

त्याचं नाव नितेश. घर अकोल्याच्या जुन्या शहरात, आणि काम कावीळ आणि पोटाच्या रोगांवर चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात. हे रोग गावात कोणत्या वाटेनं येतात, ते शोधायचं. मारुतीच्या देवळापासून मोजत यायचं, दर पाचवं घर निवडायचं, त्या घरी दर मंगळवारी जाऊन विचारपूस करायची आणि प्यायच्या पाण्याचा नमुना न्यायचा.

देवळापर्यंत जाऊन तो मोजत मोजत परत आला, तशी खुशी फाटकाशी येऊन उभी राहिली. केस सारखे करायचं तिला काही कारण नव्हतं, तरी केले.

"…चार… पाच," म्हणत तो शेजारच्या दाराशी थांबला. ते घर हर्षाचं. खुशीच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं.

"आन् आमचं?" खुशीनं विचारलं.

"तुमचं सहावं," नितेश म्हणाला, आणि का कोण जाणे, अगदी खूश होऊन म्हणाला.

तिथून खुशीचं पोट दुखायला लागलं.

दर मंगळवारी तो यायचा. हर्षाची आई माणिकबाई आधीपासून ओसरीवर सतरंजी टाकून ठेवायची. चहा, कधी पोहे, एकदा तर चक्क पुरणाची पोळी! कोणता सण होता, हे गावात कुणालाच कळलं नाही. हर्षा ठेवणीतला जांभळा ड्रेस घालून दाराला टेकून उभी राहायची. आणि मध्ये फक्त कमरेइतकी भिंत. भिंतीच्या अलीकडे खुशी मेथीच्या जुड्या बांधत बसायची… हात मेथीत, कान पलीकडे.

"या आठवड्यात घरात कुणाला जुलाब?" नितेशचा मऊ, आर्जवी आवाज.

"नाही जी," हर्षा लाजून म्हणायची.

"उलटी? भूक न लागणं? अंगाला खाज? लघवी गडद पिवळी?"

"इश्श… नाही जी."

जुलाबावर कुणी लाजतं का? खुशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बरं, विचारणाराही असा विचारायचा, की जणू हर्षाच्या पोटाच्या काळजीनं त्याला घास गोड लागत नाही. खुशीच्या पोटाची चौकशी जन्मात कुणी इतक्या प्रेमानं केली नव्हती. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. खुशीला सगळं जग जांभळं दिसत होतं.

एका मंगळवारी तिला राहवलं नाही. भिंतीवरून मान वर काढून तिनं सांगून टाकलं, "मले बी झाले जुलाब! कालपासून!"

पुढच्या क्षणी नितेश तिच्या अंगणात होता. पहिल्यांदा. फक्त तिच्यासाठी. पण त्याच्या डोळ्यांत ती शोधत होती ते काही सापडेना. तिथं नुसती काळजी होती. त्यानं मीठ-साखरेच्या औषधाच्या पुड्या दिल्या, पाणी उकळायला सांगितलं, आणि जाताना गावच्या आशा सेविकेला फोन लावला. संध्याकाळपर्यंत गावातली प्रत्येक बाई फाटकाशी थांबून, "कसं हाय वं पोट?" विचारून गेली. दुसऱ्या दिवशी तर हर्षानं मऊ खिचडी आणून दिली.

"उगाच सोंग करत जाऊ नोको, खुशे," खिचडीचं भांडं ठेवताना ती म्हणाली.

"आन् तू जुलाबाले लाजत जाऊ नोको."

झालं. लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या दोघींचं बोलणं तिथं तुटलं.

आश्विन लागला. खुशीचा भाऊ जीवन टमाटर घेऊन नागपूरला गेला होता. घरात बाबा आणि सातव्या महिन्यातली दामिनी वहिनी. आई गेल्यापासून खुशीची वेणी घातली ती या वहिनीनंच. दोन दिवसांपासून वहिनी जेवत नव्हती. पित्त झालं असेल, म्हणत पडून राहायची. त्या दिवशी सकाळी ती हातावर खाजवत, संडासातून भिंत धरधरून आली.

"खुशे, लघवी पाह्यली का… चहाच्या पाण्यावानी होऊन राहिली वं."

खुशीच्या हातातली मेथीची जुडी सुटली. उलटी, भूक, खाज, लघवी. भिंतीपलीकडून चोरून ऐकलेला एकेक प्रश्न तिला पाठ होता.

"वहिनी, इकडे ये. दारात, उजेडात ये."

तिनं वहिनीची पापणी अलगद खाली ओढली. डोळ्याचा पांढरा भाग हळद लावल्यासारखा पिवळा होता.

केशवराव म्हणाले, "कावीळच हाय. घाबरू नोको. सूर्यभानबुवाचं झाडपाल्याचं औषध आणतो, तीन दिवसांत उतरते."

"नाही बाबा! गरवार बाईले कावीळ झाली तर घरी ठेवाचंच नाही. त्याच दिवशी दवाखाना. जीव जाते!"

"हे तुले कोणं सांगतलं?"

कुणी सांगितलं! कुणी तिला काहीच सांगितलं नव्हतं. नितेशनं हे माणिकबाईला सांगितलं होतं. केशवराव चपला घालून बुवाकडे निघाले. पोरीचं ते ऐकणार नव्हते. ज्याचं ऐकलं असतं, त्याचा नंबर फक्त शेजारी होता.

कितीतरी दिवस न ओलांडलेला उंबरठा खुशीनं धावत ओलांडला.

"हर्षा… नितेशचा नंबर दे."

हर्षा तांदूळ निवडत होती. तिनं वरही पाहिलं नाही. "काहून? तुले त लय तोरा होता."

"वहिनीचे डोळे पिवळे झाले वं."

सूप तिथंच राहिलं. हर्षानं स्वतःच फोन लावला, खुशीच्या हातात दिला आणि अनवाणी पळत केशवरावांना अडवायला गेली.

तिकडे नितेशनं ऐकलं. एरवी पुस्तकातल्यासारखं बोलणारा तो माणूस एका क्षणात पुरा वऱ्हाडी झाला. "खुशी, ऐक. एकशे आठले फोन कर, आत्ताच! मी दवाखान्यात कळवतो. बाबाले फोन दे… त्याइले मी समजावतो. तू घाबरू नोको वं!"

हर्षानं अडवून आणलेल्या केशवरावांनी फोन कानाला लावला. आधी कपाळाला आठ्या होत्या, मग त्या गेल्या. बुवाचं नावही न काढता त्यांनी एकशे आठच्या गाडीला घर दाखवायला रस्त्यावर धाव घेतली.

अमरावतीच्या दवाखान्यात पहिले चार दिवस फार वाईट गेले. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. खुशी वहिनीच्या पायाशी बसून असायची. नितेश काम आटोपून रोज संध्याकाळी यायचा, नागपूरहून धावत आलेल्या जीवनला चहाला पाठवायचा आणि गुपचूप तिच्या बाजूला बसून राहायचा. पाचव्या दिवशी वहिनीनं स्वतःहून पेज मागितली. बाळाचे ठोके चांगले होते. खुशी व्हरांड्यात आली आणि खांबाआड तोंड लपवून तिनं इतक्या दिवसांचं रडून घेतलं.

नितेश थोडा दूर उभा राहिला. मग जवळ आला.

"तुमच्या गावातली पाण्याची नळी फुटलेली सापडली," तो म्हणाला. "सांडपाण्याच्या नालीतून गेली होती. पाण्यात कावीळ तिथूनच… आज सरपंचांनी दुरुस्तीला घेतली."

"बरं."

"म्हणजे माझं गावातलं काम आता… संपत आलं."

"बरं."

"बरं काय, खुशी?"

तिनं डोळे पुसले. "मंग काय म्हणू? जा हर्षाकडे. तिची दर मंगळवारी चौकशी करत होते… माही एक दिवस तरी केली का? मी भिंतीआड बसून जळून राहिली होती, तुमच्या काय ध्यानात आलं?"

बोलून गेली, आणि जीभ चावली. व्हरांड्यातल्या दोन म्हाताऱ्या मान वळवून पाहत होत्या.

नितेश चष्मा काढून पुसत राहिला. तो स्वच्छच होता.

"अभ्यासातल्या घरच्या मुलीशी कामापलीकडे एक शब्द बोलायची परवानगी नाही आम्हाला," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी तू पाणी टाकलंस… आणि मी मारुतीपासून मोजत निघालो. तुमचं घर पाचवं येऊ नये म्हणून मनात देवाचं नाव घेत होतो. सहावं आलं, तेव्हा…"

"तवा?"

"तवा मले लय बरं वाटलं."

खुशी त्याच्याकडे बघतच राहिली. "मंग सांगतलं काहून नाही इतके दिवस?"

"तू भिंतीवरून असी पाहत होती… मले वाटलं, मारते का काय!"

ती रडता रडता हसली. त्यानं हात पुढे केला नाही. नुसता खांबावर, तिच्या हाताच्या शेजारी ठेवला… बोटभर अंतर सोडून. ते अंतर तिनंच मिटवलं.

गावी आल्यावर बाबांना सांगायच्या आधी तिनं हर्षाला सांगितलं. भिंतीवरून नाही, घरात जाऊन, समोर बसून.

"मले माहीत होतं," हर्षा म्हणाली. "चहा पिता पिता तो इचारे, शेजारचे बरे हाय ना सगळे? मीच तुले सांगतलं नाही. मले बी तो आवडत होता ना वं."

भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच जळत होतं, आणि खुशीला एकाच बाजूचं दिसलं होतं.

"आता काही दिवस माह्यासंग बोलू नोको," हर्षा म्हणाली. "मी येईन मंग."

खुशी थांबली. दिवाळी आली, गेली. हर्षा आली नाही. दामिनी वहिनीला मुलगी झाली, तेव्हा माणिकबाई एकटीच बाळंतविडा घेऊन आली. आणि मग अकोल्याहून निरोप आला, की नितेशचे आईवडील रविवारी पोरगी पाहायला येतात.

रविवारी सकाळी खुशी आरशासमोर बसली होती. वहिनी बाळाला पाजत होती. वेणी घालायला कुणी नव्हतं. तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्यानं कंगवा काढून घेतला.

हर्षानं तोच जांभळा ड्रेस घातला होता. न बोलता तिनं केस विंचरले, तीन पेड केले आणि करकचून ओढले.

"आई गं! दुखून राहिलं ना वं!"

"दुखू दे थोडंसं," हर्षा म्हणाली.

खुशीनं दुखू दिलं. आरशात दोघींचे डोळे भरून आले होते, आणि दोघीही तिकडे पाहत नव्हत्या.

बाहेर गाडी थांबली. केशवरावांनी "या, या" म्हटलं, आणि पाठोपाठ नितेशचा आवाज ओसरीवर आला. वेणीवरचा हात थबकला. क्षणभर खोलीत दोघींना तेवढंच ऐकू आलं.

मग हर्षानं शेवटचा पेड घातला, रबर बांधलं आणि कोपऱ्यात भरून ठेवलेला चहाचा ट्रे उचलून खुशीच्या हातात दिला.

"जाय आता," ती म्हणाली. "चहा थंडा होऊन राहिला."

खुशीनं ट्रे तसाच खाली ठेवला, मैत्रिणीला घट्ट मिठी मारली, आणि मगच चहा घेऊन बाहेर गेली.