दोन बोटं डावीकडे

"दोन बोटं डावीकडे सरका," कानातला सांगाती म्हणाला.

हेमांगी पोतनीसने ट्रायपॉड हलकेच सरकवला. नुकतंच उजाडलं होतं. दरीपलीकडे भैरवकड्याची काळी भिंत उभी होती आणि तिच्या पायथ्याशी आंबेखोलची तीस-पस्तीस घरं. चुलींचा धूर कौलांवर आडवा पसरला होता.

"आता दोन बोटं उजवीकडे."

"अरे, आत्ताच तर डावीकडे म्हणालास!"

"दोन बोटं डावीकडे," सांगाती तितक्याच शांतपणे म्हणाला.

त्या काळात हौशी छायाचित्रकारांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सांगाती असे. चित्राची रचना कशी साधावी, कुठे उभं राहावं, प्रकाश किती घ्यावा हे तो कानात सांगायचा. हेमांगी कराडच्या एका रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ होती. डोंगरांचं वेड तिला पन्नाशीत लागलं. सुरुवातीला तिच्या फोटोंत एकतर आकाश पांढरंफटक यायचं, नाहीतर दरी कोळशासारखी काळी. एकदा तर बहिणीने फोटो उलटा धरून विचारलं होतं, "हे नक्की काय आहे गं?"

मग हा कॅमेरा आला. जुन्या कॅमेऱ्यात उद्भासन, म्हणजे किती प्रकाश किती वेळ आत घ्यायचा, ते बटण दाबण्याआधीच ठरवावं लागे. नव्या कॅमेऱ्यातला कणगणक पडदा प्रकाशाचा एकेक कण मोजायचा आणि तो कुठून, कोणत्या क्षणी आला याची नोंद ठेवायचा. त्यामुळे उगवतीचं आकाश वेगळं आणि दरीतली सावली वेगळी उजळता येई. रचना मात्र तिला सांगातीने शिकवली. 'नुसता डोंगर दाखवला तर तो केवढा आहे ते कळत नाही, पुढे काहीतरी असू द्या,' असं तो म्हणे. मग ती कधी कारवीचं झुडूप पुढे घेई, कधी चरायला आलेली एखादी म्हैस.

एकाच जागेवरून, एकाच चौकटीत, बदलत्या ऋतूंमधला भैरवकडा टिपायचा असं तिने ठरवलं होतं. गेली तीन वर्षं ती दर दुसऱ्या रविवारी दरीच्या या बाजूच्या सड्यावर, उघड्या कातळी पठारावर, येत होती. जागा चुकू नये म्हणून ट्रायपॉडच्या पायांसाठी तिने कातळात तीन भोकं पाडून घेतली होती. तिने आता ट्रायपॉड उचलला आणि पाय पुन्हा त्याच भोकांत बसवले.

"तुमची जागा चुकली आहे. चित्र सुधारून घेऊ का?"

गेले काही महिने हा प्रश्न अधूनमधून येत होता आणि ती दर वेळी 'घे' म्हणत होती. सांगाती चित्र केसभर ताणून जुन्या चित्राशी जुळवून घेई, डोळ्यांना फरकही कळत नसे. पण आज ती थबकली. एकाच छातीच्या दोन फिल्म जुळल्या नाहीत की 'पेशंट हलला' म्हणून ती फेकून द्यायची नसते. आधी नीट बघायची असते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका डॉक्टरांनी तिला हे चांगलं सुनावून शिकवलं होतं.

"नको," ती म्हणाली. "आणि आजवरच्या सगळ्या सुधारणा काढून टाक. मूळ चित्रं एकामागून एक दाखव. जे हललं असेल त्याची हालचाल पाचशे पट वाढवून."

राणू जानकर एवढ्यात किटलीतून चहा घेऊन आला. साठीचा हा माणूस आंबेखोलचा. म्हशी घेऊन तो दरी ओलांडून या सड्यावर यायचा. दोघं कातळावर टेकली आणि टॅबच्या काचेवर वाकली.

पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग हेमांगीच्या हातातला कप तसाच राहिला.

भैरवकडा वर उचलला जात होता. पावसाळ्याच्या चित्रांमध्ये पाणी पिऊन तो आख्खा डोंगर हळूहळू फुगत होता आणि फाल्गुन-चैत्राच्या चित्रांमध्ये तितक्याच हळू खाली बसत होता. पुन्हा पावसाळा, पुन्हा फुगवटा. वर, खाली. वर, खाली. ज्याच्यासमोर ती तीन वर्षं श्वास रोखून उभी राहत होती, तो स्वतः इतका वेळ श्वास घेत होता. प्रत्यक्षात ही हालचाल मिलिमीटरांची होती, पण ती कोट्यवधी टन दगडाची होती. आपण किती लहान आहोत हे तिला कळलं आणि कुणास ठाऊक का, तिचे डोळे भरून आले.

"डोंगर दम घेतोय न्हवं!" राणूच्या तोंडून निघालं. त्याने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

मग राणूने काचेवर बोट टेकवलं. "ताई, ह्यो खांदा बघा. बाकीचा डोंगर वर जातोय, माघारी येतोय. ह्यो नुसता फुडं येतोय."

कड्याच्या उजव्या अंगाचा तो भला मोठा खांदा खरंच मागे फिरत नव्हता. दर पावसाळ्यात तो दरीकडे बोटभर झुकत होता आणि तिथेच थांबत होता. सांगातीचा गोंधळ आता तिच्या लक्षात आला. डावा कडा जुळवायचा तर दोन बोटं इकडे, उजवा जुळवायचा तर दोन बोटं तिकडे. चौकट जागच्या जागी होती. डोंगर फाटत होता.

"आवंदा आमचा झरा खाली सरकला," राणू हळूच म्हणाला. "पाणी बी गढूळ येतंय. म्या म्हणलं, म्हशींनी तुडवलं आसंल." त्या खांद्याच्या बरोबर खाली त्याचं घर होतं.

हेमांगीने ती चित्रं पाठवली आणि तिसऱ्या दिवशी पुण्याहून डॉ. इरफान मुजावर हा तरुण भूवैज्ञानिक यंत्रं घेऊन आला. कड्यावर दोन दिवस मोजमाप करून तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, वर गवतात भेग आहे. हात घातला तर तळ लागत नाही. कधी कोसळेल ते मला सांगता येणार नाही. पण या लोकांना आज हलवायला हवं."

गाव लगेच हललं नाही. भात पोटरीला आलं होतं, गुरं होती, आणि कडा तर सगळ्यांच्या आज्या-पणज्यांपासून तिथेच होता. राणूने कुणाला समजावलं नाही. तो टॅब घेऊन घरोघर फिरला. प्रत्येकाला आधी त्याचं घर दाखवायचा, मग घरावरचा खांदा. बघणारा आत जाऊन भांडी बांधायला लागे. दोन दिवसांत आंबेखोल गुराढोरांसकट सड्यावरच्या शाळेत आलं.

गाव सोडल्याच्या नवव्या दिवशी सकाळी दहाला, लख्ख उन्हात, खांदा सुटला.

सगळं गाव सड्याच्या धारेवर उभं होतं. आधी कड्यावरची झाडं कुणी मुठीत धरून वाकवावीत तशी वाकली. मग काळी भिंत सावकाश, जणू घाई कसलीच नाही अशी, पुढे झुकली. आवाज नव्हता. आवाज तीन सेकंदांनी आला आणि तो कानांनी नव्हे, तळपायांनी ऐकला. तांबड्या धुळीचा लोट दरीतून वर चढला आणि सूर्य लाल झाला. लोट खाली बसला तेव्हा आंबेखोल नव्हतं. खांद्याच्या जागी शेंदरी, ओला, नवाकोरा खडक होता. त्या खडकाने त्या दिवसापर्यंत उजेड पाहिलाच नव्हता.

कुणी रडलं नाही. एक म्हातारी बाई हात जोडून खाली बसली, आणि मग सगळेच बसले.

"चौकट ओळखता येत नाही," सांगाती कानात म्हणाला. "नवी जागा निवडू का?"

हेमांगीने त्याला कानातून काढून ठेवलं.

पुढे दोन महिन्यांनी इरफान पुन्हा शाळेत आला. दरम्यान त्याने राज्यभरच्या हौशी छायाचित्रकारांना आवाहन केलं होतं: एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा काढलेली, न सुधारलेली चित्रं द्या. नाशिकपासून आंबोलीपर्यंतची दोन लाख चित्रं जमली होती. नव्या गावाची जागा त्यांवरून ठरवायची होती. शाळेच्या भिंतीवर पडदा लावला होता, आंबेखोल सतरंजीवर बसलं होतं.

पडद्यावर सह्याद्री दिसू लागला. एकेक सुळका, एकेक पठार, घाटमाथ्याची सगळी रांग वर येत होती, खाली जात होती. उत्तरेकडे लाट उठे आणि दक्षिणेकडे विरून जाई. कुठे डोंगराची एखादी सोंड इतरांपासून वेगळी हलायची, कुठे एखादं टेकाड. लहान पोरं सतरंजीवरून पुढे सरकली.

राणू उठून पडद्यापाशी गेला. डोंगरांची सावली त्याच्या अंगावरून वर-खाली होत राहिली. त्याने आपलं जाडं बोट उचललं, पडद्यावर कुठे तरी टेकवायला नेलं आणि अधांतरीच थांबवलं.

"ताई," तो मागे वळून म्हणाला, "तुमी येवढं बघितलं. आता येकच सांगा. न हलणारी जागा कंची?"