दुधाचा दात

ओवीचा पहिला दुधाचा दात पडला की कौलांवर फेकायचा, म्हणून स्पृहाबाई तांडेलांनी घरावर स्लॅब घालताना पडवीची कौलं तेवढी ठेवली होती. त्यालाही तीस वर्षं झाली. दात काही हलायचं नाव घेईना. ओवी अजून दुसरीतच होती. तिला शिकवणाऱ्या पहिल्या बाई रिटायर होऊन वारल्यासुद्धा.

सहाव्या वर्षी ओवीला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा डॉ. शबाना परकारांनी तिला ‘मंदायू’ टोचलं. ग्रीनलंडच्या थंडगार समुद्रातल्या शार्कची जनुकं त्यात होती. हा शार्क वयात येतो तोच मुळी दीडशेव्या वर्षी. मंदायू घेतलेल्या शरीरात सगळंच तसं सावकाश चालतं, वाढही आणि कॅन्सरही. मंदायूचा परिणाम काढून घेतला, की दोन्ही धावत सुटतात.

आज मायलेकी मालवणच्या दवाखान्यात तपासणीला आल्या होत्या. नवी नर्स स्पृहाबाईंना ओवीची आजी समजली. चूक दुरुस्त करायचा त्यांना कंटाळा आला.

डॉक्टरांनी ओवीच्या हातात एक काळा दगडी दात ठेवला. “शार्कचा आहे. जमिनीवर झाडंही नव्हती, तेव्हापासून शार्क आहेत. पाच वेळा पृथ्वीवरचे बहुतेक जीव मेले. डायनोसॉर गेले. शार्कच्याही कितीतरी जाती गेल्या. पण काही खोल, थंड पाण्यात उतरल्या आणि घाई न करता जगायला शिकल्या.”

“ह्याची आई कुठे असते?”

“शार्कच्या पिल्लाला आई लागत नाही गं. जन्मलं की आपलं आपण पोहत जातं. कोट्यवधी वर्षांत कधी लागलीच...” डॉक्टरांनी जीभ चावली.

स्पृहाबाईंना राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात त्राण लागतं.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “हिका लागता. अजून शंभर वर्षां लागतली. माझ्या मागसून हिका कोण बघतला?”

डॉक्टर ओवीचा तपासणीचा कागद भरू लागल्या.

“माका पण टोचा.”

“स्पृहाताई, तुम्ही पुन्हा तरुण होणार नाही. आज आहात तशाच राहाल. हे गुडघे, ही पाठ, सगळं असंच.”

“आणि ह्यो थकवो?”

“तोही.”

स्पृहाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग बाही वर सरकवली.

शेजारी ओवीने जिभेने दात चाचपला. “आई, अजून नाही हलत.”

“हलात गो,” स्पृहाबाई म्हणाल्या. “मी आसंय.”