खाखरीचा खांब

खंडेराव मार्केटबाहेरच्या रसवाल्याकडे मी रस न पिता मोसंब्यांची सालं मागत होते, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. रसवाला नव्हे, माझ्या मागे उभा होता तो.

"बेन, आ छोतरांनुं शुं करशो?" सालांचं काय करणार... चौकशी थेट!

"बिलाडी माटे," मी ठणकावलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "नसत्या उठाठेवी!"

"उठाठेव नाही, काळजी," तो चक्क मराठीत म्हणाला. "मांजर सालं खात नाही."

"खायला नाहीत. ह्या वासाने ती गालिच्याजवळ जात नाही म्हणे."

"मग? गेली नाही?"

"गेली ना. सालं पायाने बाजूला सारून गेली."

तो पुन्हा हसला. मी त्याला नीट बघून घेतलं. कानामागे पेन्सिल, बोटांना चिकटपट्ट्या. उत्तरायणाचे पतंग उडून महिना झाला होता.

"मांज्याने कापलेलं अजून भरलं नाही वाटतं?"

"मांजा नाही, खिळे. लहरीपुऱ्यात सोफे मढवतो मी. उत्कर्ष. आजोबा दरबारच्या हुजूर कचेरीत होते, त्यामुळे घरचे सगळ्यांना सांगतात, मुलगा इंटिरिअरमध्ये आहे." मग एकदम गंभीर होऊन, "कधी ओरबाडते ती?"

आता, हे विचारणारा पहिलाच भेटला. बाकी सगळे 'मांजर सोडून द्या' एवढंच सांगत. मी औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोंदी ठेवते. सवय घरीही सुटत नाही. पर्समधून वही काढून त्याच्यापुढे धरली. खाखरीच्या, म्हणजे आमच्या मांजरीच्या, नावाने चार रकाने होते : दिवस, वेळ, जागा, कारण.

'सोमवार. सकाळी ७.१०. गालिचा, उभी राहून. कारण : झोपून उठली.'

'सोमवार. दुपारी १.३०. गालिचा, उभी राहून. कारण : आई बाहेरून आली.'

कोथिंबिरीच्या टोपल्यांशेजारी उभं राहून त्याने सगळी पानं वाचली. माझी वही इतकं मन लावून आजवर कुणी वाचली नव्हती, माझ्या साहेबांनीसुद्धा.

"गालिच्यावर... उभी राहून? कशी काय?"

"गालिचाच उभा आहे."

मग सांगावं लागलं. तो गालिचा पणजोबांना दरबारातून मिळालेला. त्यावर पाय पडायला नको, म्हणून तीन पिढ्या गुंडाळून, जुन्या शेल्याने बांधून हॉलच्या कोपऱ्यात उभा ठेवलेला. दसऱ्याला पूजेपुरता उघडायचा, नाहीतर मुलगी बघायला कुणी येणार असेल तेव्हा.

"कितीदा उघडला?"

"दोनदा," मी म्हटलं. "दसरा सोडून." आणि जीभ चावली.

"म्हणजे तुम्ही तिला अंग ताणायला खांब दिलाय," तो म्हणाला. डोळे नुसते हसत होते. "तोही दरबारी! मांजरीचा काय दोष?"

दोष नसला तरी शिक्षा ठरलेली होती. खाखरीला करजणला, श्रीपतकाकांच्या कापसाच्या गोदामात पाठवायचं, असं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून टाकलं होतं. दोन वर्षं माझ्या उशाशी झोपणारी खाखरी... आणि गोदामातले उंदीर!

"रविवारपर्यंत थांबा म्हणावं," उत्कर्ष म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी तो स्कूटरवर सागाचा कमरेएवढा ओंडका बांधून आला. काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली, खाली जड पाट. त्याने तो बरोब्बर गालिचा उभा असायचा त्या कोपऱ्यात ठेवला आणि गालिचा जमिनीवर अंथरला. आबा उभेच राहिले.

"अहो सोफावाले! पणजोबांच्या गालिच्यावर पाय द्यायचे?"

"आबासाहेब, आडवा असला की ती त्याला नखही लावणार नाही. ह्यांच्या वहीत एकही आडवी नोंद नाही."

खाखरी आली. खांब हुंगला. मागच्या पायांवर उभी राहिली, अंग लांबच लांब ताणलं आणि... खर्र, खर्र! आई हसू दाबत आत पळाली.

"होळीपर्यंत मुदत देतो," आबा म्हणाले. "तोवर गालिच्याचा एक धागा निघाला नाही, आणि हा ओंडका माझ्या हॉलमधून गॅलरीत गेला, तर राहील. नाहीतर करजण."

"एकदम हलवला तर मांजर पुन्हा गालिचा शोधेल," उत्कर्ष म्हणाला. "रोज एक वीत सरकवायचा. मी येत जाईन."

"वीत माझ्याकडेही आहे," मी म्हटलं.

"माझी मोठी आहे." त्याने हात पसरून दाखवला. पट्ट्या बांधलेली पाच बोटं... मी उगीचच मोजली.

गॅलरी होती पंधरा वितींवर. होळीला एकवीस दिवस होते. काळजीचं कारण नव्हतं.

खाखरीची पानं आता रिकामी राहू लागली. गालिच्याला नख नाही, सोफ्याला नाही. मग मी वहीच्या मागच्या बाजूने वेगळ्या नोंदी सुरू केल्या.

'उत्कर्ष. ६.४०. खांब : एक वीत. चहा : एक कप.'

'उत्कर्ष. ६.२५. खांब : पाऊण वीत. चहा : दोन कप.'

'उत्कर्ष. ६.०५. खांब : चार बोटं. चहा, पोहे. निघाला : ८.१५.'

मला कुतूहल होतं. हा माणूस लवकर येऊन कमी काम का करतोय? विचारलं नाही. कधीकधी नोंद ठेवणाऱ्याने गप्प बसावं.

बघता बघता होळीची संध्याकाळ आली. चौकात गोवऱ्या रचल्या जात होत्या, आणि खांब गॅलरीपासून दहा विती लांब, हॉलमध्येच उभा.

"मोहना, पिशवी आणि टोपली काढ," आबा मला म्हणाले. "उद्या करजण."

खाखरी खांबाशी शांत झोपली होती.

"आबासाहेब, चूक माझी आहे," उत्कर्ष पुढे झाला. कान लाल. "वीत म्हणून मी चारच बोटं सरकवत होतो. खांब गॅलरीत पोचला असता तर... मग इथे यायचं कशाला?" मग फरशीकडे बघत, हळूच, "पण तरीही हिशेब जुळत नाही. मी पेन्सिलीने खुणा केल्यात. रोज सकाळपर्यंत खांब दोन बोटं मागे येतो."

सगळे खाखरीकडे बघू लागले. बिचारी झोपेत होती. तिच्यावर ढकलणं किती सोपं होतं!

"तो... मी आणते," मी म्हटलं. "मागे."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खांब दोन्ही हातांनी उचलला आणि एका दमात गॅलरीत नेऊन ठेवला. खाखरीने डोळे उघडले. जांभई दिली. उठून सरळ गालिच्यावरून चालत निघाली... आणि गॅलरीत जाऊन, अंग ताणून, खर्र, खर्र!

"मांजर शहाणं आहे," आबा म्हणाले. "ते राहील. बाकीच्यांचं काय करायचं ते बघू. उभे का, उत्कर्षराव? बसा. गालिच्यावरच बसा."

उत्कर्षराव! आत आईच्या हातून गाळणं पडलं.

नंतर गॅलरीत आम्ही दोघं आणि खाखरी. खाली होळी पेटली होती.

"आता मला यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"या तरी."

"आणि वहीत काय लिहाल?"

"वेळ लिहीन," मी म्हटलं. "कारणाचा रकाना... रिकामा ठेवीन."