'श्री' नसलेली सुरुवात

विमलआजी गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, त्याच दुपारी तिच्या प्रयोगशाळेतली एक नळी उजळली.

दहा वर्षांच्या चैत्रालीने ती स्वतः पाहिली. अंधाऱ्या खोलीत हिरवट, गार उजेड. नळीवर आजीचं अक्षर : 'माझ्या पेशी'. यंत्रमानव बंडू नेहमीच्या आवाजात म्हणाला, "विमलताई, सुरुवात झाली."

चैत्रालीच्या अंगावर काटा आला. तेरावं झाल्यावर ती आबांना, आपल्या आजोबांना, तिथे घेऊन गेली. आबांनीही त्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं होतं. बंडूने नवं मिश्रण केलं. नळी पुन्हा उजळली.

"आबा, आजी यात आहे ना? खरं सांगा."

"नाही गं. असती तर मी घरी गेलो असतो का?" आबा स्टुलावर बसले. "तिने या पेशी आधीच गोठवल्या होत्या. तिने सांगून ठेवल्याप्रमाणे बंडूने त्या फोडल्या. उरला नुसता रस. त्यात जीव नाही, पण रायबोझोम (प्रथिनं जोडणारी सूक्ष्म यंत्रं) शाबूत आहेत. त्यात काजव्याच्या उजेडाचा संदेशवाहक आरएनए (प्रथिनाची कृती लिहिलेला धागा) टाकला. यंत्रांनी तो वाचला, प्रथिन बनलं नि नळी उजळली."

"कुठून वाचायचं ते कसं कळतं?"

"आजी पत्र कसं सुरू करायची?"

"वर 'श्री' काढून."

"धाग्यावरही तशी तीन अक्षरांची खूण असते. तिथून जोडणी सुरू होते."

"पण यंत्र कुठे बसलं ते तर दिसत नाही!"

"अंगणात पाट ठेवून सडा घातला, तर पाटाखाली काय राहतं?"

"कोरडी जागा."

"तसंच. औषध घातलं की सुरुवातीला बसलेलं यंत्र तिथेच थिजतं. मग विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) उघडा धागा कुरतडून टाकतं. यंत्राखालचा तीसेक अक्षरांचा तुकडा तेवढा उरतो."

रसात आजीचे स्वतःचे धागेही होते. बंडूने तसंच करून त्यांचे उरलेले तुकडे वाचले. जवळजवळ सगळ्यांत ती खूण होती. एकात नव्हती.

"विमलताई, तो तुकडा पुन्हा आला."

"आजी नाहीये आता, बंडू," चैत्राली म्हणाली.

"मग कुणाला दाखवू?"

"त्याला कळत नाही गं," आबा म्हणाले. "मी तरी कुठे शहाणा? रोज दोन कप चहा टाकतो."

चैत्रालीने डोळे पुसले. "मला दाखव, बंडू."

तिने आजीची वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर 'श्री' होती. खाली एकच ओळ : 'खुणेशिवाय इथे सुरुवात कशी?' बाकी पान कोरं.

चैत्रालीने त्याखाली तारीख घातली. त्या खूण नसलेल्या जागेपासून कोणतं प्रथिन बनतं, ते अजून शोधायचं राहिलं आहे.