मास्तरांचा कंट्रोलर

जुन्या बाजारात एकाच वस्तूवर दोघांचे हात पडले, की शहाण्या माणसानं आपला हात आधी काढून घ्यावा. एरवी तीही शहाणीच होती. पण जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनचा विषय निघाला की तिचं शहाणपण कुठं जायचं कोण जाणे. सकाळचं कोवळं ऊन होतं. ताडपत्रीवर तुटके रेडिओ, इस्त्र्या, बंद घड्याळं मांडलेली... आणि त्या पसाऱ्यात तो राखाडी डबा. उन्हानं पिवळा पडलेला, पुढे दोन कंट्रोलरच्या खाचा, वर कॅसेट घालायचं झाकण. तिनं तो उचलायला घेतला तर उचलेना. पलीकडून कुणीतरी धरला होता.

धरणारा उंच होता. सदऱ्याच्या बाहीला निळा रंग लागलेला, डोळे मिश्कील. तिच्याकडे बघून तो छान हसला, डबा मात्र सोडला नाही.

“तुम्हाला कशाला हवाय?” तिनं सरळच विचारलं.

“वर्गात मांडायला. मी चित्रकला शिकवतो. दर वेळी सुरई आणि सफरचंद काढून मुलंही कंटाळलीत आणि मीही.”

झालं. भर बाजारात तिनं त्या मास्तरांचा तास घेतला. हे मशीन मेलेलं नाही, पिनांवर गंज चढलाय इतकंच, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं तर उठून बसेल, आणि अशा जिवंत मशीनला सफरचंदाशेजारी मांडून ठेवणं म्हणजे काय, हे तिनं त्याला चांगलं समजावलं. ताडपत्रीवाला दुकानदार आ वासून ऐकत राहिला. मास्तरांनी मात्र सगळं निमूटपणे ऐकून घेतलं आणि मग डबा तिच्याकडे सरकवला.

“तुम्हीच न्या. फक्त उघडाल तेव्हा मला बोलवा. आतलं काढायचंय मला... चित्र म्हणतोय मी.”

आपल्या टेबलाला कुणाला हात लावू न देणारी ती चक्क हो म्हणाली. आपण हो का म्हणालो, याचा विचार करत ती घरी पोचली, आणि उत्तर ठाऊक असूनही तिनं ते स्वतःला सांगितलं नाही.

ती कानाच्या मशीनच्या दुकानात कामाला होती. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानाचं माप घ्यायचं, इवलंसं यंत्र बसवायचं, बिघडलं तर भिंगाखाली धरून दुरुस्त करायचं. सुट्टीच्या दिवशी तीच बोटं मागच्या खोलीत जुन्या गेमच्या मशीनवर चालायची. फळीवर तिनं स्वतः बनवलेले कंट्रोलर ओळीनं ठेवलेले असत. एक साबणाच्या डबीत बसवलेला, एक जुन्या टेलिफोनच्या बटणांचा. घरात ती आणि तिची आत्या, दोघीच. आत्याचं म्हणणं असं, की आठवडाभर लोकांचे कान आणि रविवारी हे डबे, या पोरीला अख्खा माणूस दिसणार तरी कधी.

रविवारी अख्खा माणूस कागदाची गुंडाळी काखेत घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा आत्यानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि चहा जरा जास्तच टाकला.

तो डाव्या हातानं काढायचा. उजवा कागदावर नुसता टेकलेला असायचा, आणि त्याचा अंगठा आणि दोन बोटं वळत नव्हती. तिची नजर तिथं थांबलेली बघून त्यानंच सांगून टाकलं, की शाळेच्या कोठीचं लोखंडी शटर हातावर कोसळलं होतं. मग डाव्या हाताला अगदी रेघोट्यांपासून शिकवावं लागलं. तिनं सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.

“अंगठा किती वळतो? मनगट पूर्ण फिरतं?”

तो मोठ्यानं हसला. म्हणाला, अरेरे म्हणायच्या आधी कुणी माप विचारण्याची ही पहिलीच वेळ.

मग रविवार असेच जाऊ लागले. सोल्डरिंगच्या तापलेल्या राळेचा वास, छताच्या पंख्याची घरघर, कागदावर पेन्सिलीची खसखस. ती एखादा भाग सुटा करायची, तो काढायचा. कधी ती मान वाकवून त्याचं चित्र तपासायची आणि चूक दाखवायची. हा तुकडा इतका वाकडा नाही, असं तिनं एकदा सांगितलं, तर तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “तुम्ही मध्येच हसलात... हात हलला.” त्या दिवशी एक स्क्रू तिनं उलटाच फिरवला.

मशीन सुरू झालं त्या दिवशी तिला आनंदानं काय करू नि काय नको झालं होतं. पडद्यावर चिमुकली जहाजं वरून उतरू लागली. हा खेळ दोघांनी एकाच वेळी खेळायचा. जो जास्त जहाजं पाडेल तो जिंकला. तिनं दुसरा कंट्रोलर त्याच्यापुढे धरला. त्यानं तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि अलगद टेबलावर ठेवला. गोळी मारायचं बटण उजव्या अंगठ्याखाली होतं.

तेव्हा त्यानं ताईबद्दल सांगितलं. लहानपणी असल्याच मशीनवर तो आणि त्याची ताई एकमेकांच्या जिवावर उठायचे. आता ताई दूर राहते, पुढच्या महिन्यात येणार आहे. पण अपघातापासून घरात कुणी त्याच्याशी खरं खेळलेलंच नाही. पत्ते असोत, कॅरम असो, सगळे हळूच हरतात, ताईसुद्धा.

“मला एकदा तिच्याशी खरा डाव खेळायचाय,” तो म्हणाला. “हरलो तरी चालेल. तुम्ही... बनवाल असं काही?”

बनवाल का म्हणे. तिनं तिथल्या तिथं मऊ मातीचा गोळा त्याच्यापुढे आणून ठेवला आणि उजवा हात त्यावर सैल टाकायला सांगितला. ठसा नीट उमटावा म्हणून तिनं आपला तळवा त्याच्या हातावर ठेवून दाबला. कामापुरताच. काम झालं तरी हात काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि चहा घेऊन आलेली आत्या उंबऱ्यावरूनच परत फिरली.

लाकडी खोक्यात डावीकडे दांडा, उजवीकडे त्याच्या तळव्याच्या आकाराची खोलगट जागा आणि तिच्यात मोठं लाल बटण, असा तो कंट्रोलर झाला. डाव्या हातानं जहाज हलवायचं, उजव्या तळव्यानं बटणावर थाप मारायची. तो खेळून पाहू लागला आणि ती थापा मोजू लागली. थाप बरोबर पडत होती, पण सावकाश. एका थापेत एक गोळी. तेवढ्यात ताई तीन जहाजं पाडणार, हे उघड होतं.

मग तिनं एक उद्योग केला. तो गेल्यावर खोकं उघडलं आणि आत नखाएवढी एक चिप बसवली. आता बटण दाबून धरलं की गोळ्या आपोआप सुटत राहणार होत्या. अशी सोय कितीतरी कंट्रोलरमध्ये असते, तिनं मनाला समजावलं. डोळ्यांना चष्मा तसं हे. त्याला सांगायचं मात्र तिनं टाळलं. कंट्रोलरला शेवटचा हात फिरवायचाय, असं सांगून ताई येईपर्यंत तो त्याच्या हातीच दिला नाही.

ताई त्याच्याबरोबर तिच्या घरी आली ती बाह्या सरसावूनच. पहिला डाव तिनं घेतला. दुसरा त्यानं. तिसराही त्यानं, आणि चौथ्यात तर ताई खुर्चीतून उठून उभी राहिली. तिच्या कपाळावर घाम होता. ती हातचं राखून खेळत नव्हती, हे कुणालाही कळलं असतं. त्याचा चेहरा उजळला होता. ताईनं लहानपणीची कसलीशी आठवण काढली आणि तो मागे रेलून खदखदून हसला. तळवा बटणावर तसाच विसावलेला होता.

पडद्यावर त्याच्या जहाजातून गोळ्या सुटतच होत्या.

त्याचं हसू विरलं. त्यानं तळवा उचलला, गोळ्या थांबल्या. ठेवला, सुरू झाल्या. ताईनं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पाणी हवंय म्हणून ती आत्याला घेऊन स्वयंपाकघरात गेली.

“हे मला न विचारता घातलंत.”

तिच्याकडे उत्तर तयार होतं. “मी रोज लोकांच्या कानात मशीन बसवते. म्हणून त्यांचं ऐकणं खोटं ठरतं का?”

“नाही ठरत. पण बसवायच्या आधी तुम्ही त्यांना विचारता.” त्याचा आवाज चढला नव्हता, तेच तिला जास्त लागलं. “सगळे मला गुपचूप जिंकू देतात. तुमच्याकडे आलो तो... तुम्ही तसं करणार नाही म्हणून.”

तिनं मशीन बंद केलं. तो ताईला घेऊन गेला. जाताना आत्याच्या चहाचं कौतुकही करून गेला. कंट्रोलर टेबलावरच राहिला.

त्या संध्याकाळी तिनं एकाही मशीनला हात लावला नाही. खरं काय ते आता तिला कबूल करावंच लागलं. तो हरला असता तर तिला बघवलं नसतं. तिला तो आवडत होता, फार आवडत होता, आणि त्या भरात ती त्याच्या वतीनं परस्पर जिंकायला निघाली होती. रडकुंडीला आलेल्या तिला पाहून आत्या फक्त एवढंच म्हणाली, की इतकी मशीनं बिघडलेली पाहिलीस, कधी एखाद्यापुढे रडत बसलीस का.

तिनं खोकं उघडलं, चिप काढली आणि कचऱ्यात टाकली. मग आपल्याच उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिकटपट्टीनं घट्ट बांधली आणि खेळायला बसली. हरली, परत बसली. तळवा वरखाली करायला वेळ लागत होता. पण मनगट? मनगट तर डावीउजवीकडे झरझर डुलत होतं... ती ताडकन उठली. बटणं दोन हवी होती, एकमेकांना खेटून, दोन्हीही गोळीचीच. तळवा डुलवला की एकदा हे, एकदा ते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मशीन, खोकं आणि सोल्डरिंगचं सामान घेऊन थेट त्याच्या वर्गात गेली. वर्गात रंगांचा ओलसर वास होता. तो ब्रश धूत होता. तिला पाहून थांबला.

“माझं चुकलं,” ती दारातूनच म्हणाली. “चिप काढून टाकलीय. दुसरं एक सुचलंय, पण अजून बसवलेलं नाही. बसवू का... ते विचारायला आलेय.”

त्यानं हात पुसले. कसं चालतं ते विचारलं. तिनं दोन बटणं टेबलावर शेजारी ठेवून दाखवलं. त्यानं त्यांच्यावर तळवा टेकवला, दोन-चारदा डुलवून पाहिला, आणि ओठांच्या कोपऱ्यात येऊ घातलेलं हसू त्याला काही लपवता आलं नाही.

“बसवा.”

त्यानं खोकं धरलं, तिनं तारा जोडल्या. डोकी इतकी जवळ होती की तिचे केस त्याच्या गालाला लागत होते, आणि त्याची तक्रार नव्हती. वर्गातला टीव्ही जोडून झाला तेव्हा तिनं दुसरा कंट्रोलर आपल्याकडे ओढला आणि बजावलं, की ती कसलीही सवलत देणार नाही.

दिलीही नाही. पहिल्या डावात तिनं त्याला सहज गुंडाळलं. दुसऱ्या डावातही. तिसऱ्यात त्याच्या मनगटाला लय सापडायला लागली; चौथ्यात तिला पाठ ताठ करून बसावं लागलं. खिडकीतून येणारं ऊन तिरकं होऊन बाकांवर आलं होतं. पाचव्या डावात अगदी शेवटचं जहाज दोघांच्याही नेमात होतं, आणि ते त्यानं पाडलं.

तिनं कंट्रोलर आपटला. गाल लाल झाले होते, भुवया चढल्या होत्या. “माझा दांडा अडकला.”

“नाही अडकला.”

“अडकला म्हणतेय ना.” मग नाइलाजानं, “नाही अडकला. तू चांगला खेळलास. आता परत.”

तो पडद्याकडे बघतच नव्हता. तिच्या फुगलेल्या चेहऱ्याकडे बघत होता. इतका खरा राग त्याच्या वाट्याला किती दिवसांत आला नव्हता.

“चिडलीस तू,” तो हळूच म्हणाला. “खरंच चिडलीस.”

“मग काय पेढे वाटू?”

“मला तू आवडतेस. त्या बाजारात ओरडत होतीस तेव्हापासून.”

तिच्या भुवया खाली आल्या. मघाचा राग आणि आताचं हसू, दोन्ही एकदमच तिच्या चेहऱ्यावर मावेनात. तिनं त्याच्या उजव्या हातावर आपला हात ठेवला, आणि या वेळी काढायचा नाही हे ठरवूनच ठेवला.

“मलाही तू आवडतोस. खूप,” ती म्हणाली. “पण एक सांगून ठेवते, मी तुला कधीही जिंकू देणार नाही. जिंकायचं तर घाम गाळून जिंक.”

“कबूल. ताईलाही उद्या हेच सांगतो.”

“उद्याचं उद्या. माझी परतफेड राहिलीय अजून. लाव पुढचा डाव.”

त्यानं लावला. तिनं त्याला त्या डावात पार धुऊन काढलं, आणि हरल्यावर तो इतका हसला की ब्रशांचं भांडं कलंडून सगळ्या टेबलावर पाणी झालं, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.