मागच्या सीटचं बक्कल

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खाली हसरे चेहरे टाकत बसू नये, गुपचूप दुसरीकडं जावं. मला कुणाची करमणूक करायची नाहीये.

अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. मागच्या मे महिन्यातला मंगळवार, दुपारचे साडेचार, चव्वेचाळीस डिग्री ऊन.

जागा म्हणाल तर जळगाव-धुळे हायवेवर, एरंडोल ओलांडून पारोळ्याकडं जाताना लागणारा एक फाटा. गावाचं नाव लिहीत नाही. मला तिथं अजून नोकरी करायची आहे.

मी जीवन. त्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. राहतो जळगावला, पिंप्राळ्यात. घरात मी आणि माय, दोघंच. मायचं नाव भागाबाई, वय चौऱ्याहत्तर. माहेर शिंदखेड्याकडचं, म्हणून अजून अहिराणीच बोलते. रोज सकाळी रस्ता ओलांडून विहारात वंदनेला जाते. भुताखेतांवर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही.

म्हणजे, नव्हता.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबवेना. म्हणून धुळ्याच्या बन्सीलाल नावाच्या माणसाकडून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडी चकचकीत होती आणि तो विकायला फार उतावीळ होता. तेव्हा माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे.

गावातून घरी यायचं तर फाट्यावर दुभाजकाच्या फटीतून पलीकडं जायचं आणि भरधाव ट्रॅफिकमध्ये गाडी घुसवायची. तिथं दोन सेकंद कमी पडले तर माणूस संपला.

त्या मंगळवारी मी मोकळी जागा बघितली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

इंजिन ओरडलं.

गाडी हललीच नाही...

एक सेकंद. दोन सेकंद. गाडीचं नाक हायवेवर. समोर गिअरच्या जागी न्यूट्रलचा एन दिसत होता. मी लिव्हरला हातसुद्धा लावलेला नव्हता. डावीकडून कंटेनर येत होता, हॉर्न दाबूनच.

आणि मागचं दार लागल्याचा आवाज आला...

खट्ट.

गाडी सुटली. कंटेनर वीतभर अंतरावरून गेला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मरना है क्या?"

तेवढ्यात बीप सुरू झाला. मागच्या डाव्या सीटचं लाल चिन्ह लागलं होतं. माणूस बसलाय, बेल्ट लावा, असं गाडी सांगत होती.

मी वळून बघितलं.

सीट रिकामी.

बारा किलोमीटर तो बीप डोकं खात राहिला. पुढं एक बंद पडलेला धाबा आहे. तिथं गाडीला बारीकसा झटका बसला आणि आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. फाट्यावर गाडी अडकायची, दार वाजायचं, बीप चालू. धाब्यापाशी झटका, बीप बंद.

शनिवारी गाडी कौतिकच्या गॅरेजला नेली. कौतिक माझा जुना मेकॅनिक. त्यानं कॉम्प्युटर लावला, गाडी चालवून बघितली, गिअरबॉक्स तपासला.

"भाऊ, गाडीत काहीच नाही. ऑटोमॅटिक जरा विचार करूनच गिअर टाकते. तुम्ही एकदम पाय दाबता. मॅन्युअल मोडवर घ्या, पहिला गिअर धरून ठेवा, हळू दाबा."

"आणि बीप?"

"सेन्सर येडा झाला असंल. रिकाम्या सीटचं बक्कल लावून ठेवा. बठ्ठी दुनिया तेच करते."

करतेच. तुम्हीही करत असाल. मी गॅरेजमध्येच तो पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून घेतला आणि बक्कल लावून टाकलं. कटकट मिटली म्हणालो.

सोमवारी फाट्यावर मॅन्युअल मोड घेतला. पहिला गिअर. पाय हळू दाबला.

तरी गाडी अडकली...

दार वाजलं. गाडी सुटली. पण बीप वाजला नाही. मी कौतिकला मनातल्या मनात शाबासकी दिली. काय मूर्ख होतो मी!

धाबा आला. झटका बसला.

मग दुसरा बसला...

मग मागून आवाज यायला लागला. करकर... करकर... ताणलेला पट्टा ओढल्यासारखा. कुणीतरी सुटायची धडपड करत होतं. माझ्या सीटच्या पाठीला एक लाथ बसली. दुसरी बसली. मणक्यात कळ गेली.

मी आरशात बघितलं. सीट रिकामी होती, पण पट्टा पुढं ओढलेला होता. आत कुणाची छाती असावी एवढा पुढं.

गाडी थांबवून बक्कल काढायला हवं होतं. तिथंच. आज हजारदा वाटतं. पण माझी फाटली होती. मी पाय दाबून धरला आणि थेट पिंप्राळ्यात, घराच्या फाटकापुढं येऊन थांबलो.

मागचा आवाज बंद झाला होता.

माय ओट्यावर बसली होती. तिनं गाडीकडं बघितलं.

"जीवन, पाव्हना गाडीमाच काबर बसेल शे रे?"

"कोण पाव्हना? कुणी नाही."

"मंग त्या मानूस कोन शे? कवयना मनाकडे देखी ऱ्हायना."

तो केव्हाचा मायकडं बघतोय हे ऐकून माझं डोकंच फिरलं. भीती गेली, नुसता राग उरला. मी मागचं दार उघडलं. पट्टा चटका बसेल इतका तापला होता. "उतर! चल, नीघ!" असं ओरडून मी बक्कलचं बटण दाबलं.

पट्टा मागं गेला. सावकाश. मध्ये कुठंतरी अडत अडत...

तो उतरला.

आणि मी त्याला माझ्या दारात उतरवून घेतला होता.

तेव्हापासून गाडी एकदाही अडकली नाही. फाट्यावर पाय ठेवला की लोण्यासारखी निघते. कौतिकला वाटतं त्याच्या सल्ल्याचा गुण आला.

अडकते ती माय.

पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बघितलं. हातात पाण्याचा तांब्या, एक पाय उचललेला, आणि माय जागच्या जागी थांबलेली. एक सेकंद. दोन सेकंद. मग काहीच न झाल्यासारखी पुढं आली. डॉक्टरांकडं नेलं. सगळे रिपोर्ट नीट आले. "वय झालंय," म्हणाले.

आठवड्यानं ती विहारात निघाली. मी ओट्यावरून बघत होतो. अर्धा रस्ता ओलांडला...

आणि थांबली.

समोरून स्कूलबस येत होती. मी ओरडलो, "माय! चाल!" तिनं मान वळवून आपल्या डाव्या बाजूला बघितलं, कुणी सोबत यायचं राहिलंय तशी. बसवाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज माय आहे. मी तिला ओढून आणली, तर ती एकटीच्या मानानं फार जड लागली.

बन्सीलालला फोन लावला. माझं सगळं बोलणं त्यानं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "तुम्ही त्याला त्याच्या जागी उतरू दिलं नाही का?" आणि फोन ठेवला. परत कधी उचलला नाही. तो समोर आला तर मी त्याचं नरडं धरीन, हे इथं लिहून ठेवतो.

रविवारी सकाळी अकरा वाजता मायला मागं बसवली आणि तिला घेऊन धाब्यावर गेलो. धाब्यापुढं गाडी उभी केली, मागचं दार उघडलं आणि हात जोडले.

"बाबा, चुकलं माझं. उतर. तुझी जागा आली."

वारा नव्हता. हायवेवर गाड्या जात होत्या, पण मला त्यांचा आवाज येईना...

मायनं दोन्ही पाय खाली टाकले.

"तू जाय," ती म्हणाली. "मी आठेच उतरस."

"माय, तू नाही! त्याला उतरू दे!"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. धाब्याच्या काळ्या, दार नसलेल्या खोलीकडं चालायला लागली. संधिवाताची माझी माय, तरण्या माणसासारखी झपझप चालत होती.

मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा. तिथं उभं राहून बघत बसायला हवं होतं?

मी धावलो. तिला कमरेला धरून उचललं, गाडीत कोंबलं. तिनं माझ्या हाताला चावा घेतला, रक्त काढलं. मी पट्टा ओढला आणि बक्कल लावलं.

मला कळत होतं मी काय करतोय ते. तरी लावलं. तिला घेऊन घरी आलो. गाडीत मागं फक्त माय नव्हती, हेही मला कळत होतं.

या गोष्टीला चार महिने झाले. मी रजेवर आहे. मायला एकटीला फाटकाबाहेर सोडत नाही. ती थांबली की मीही तिचा हात धरून थांबतो, दोन सेकंद मोजतो. बाकी ती बरी आहे. जेवते, वंदना म्हणते, मला रागावते.

फक्त काल संध्याकाळी ती उंबऱ्यावर थांबली, आणि दोन सेकंद झाले तरी हलली नाही.

चार झाले.

दहा झाले...

मग तिनं माझ्याकडं बघितलं. आवाज मायचाच होता. पण मला जन्मात तिनं कधी अशी हाक मारलेली नाही.

"डायवरभाऊ," ती म्हणाली, "माले कवय उतारशी?"

मी तिचा हात घट्ट धरला. कधी उतरवणार, याचं उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.