रिकाम्या खुर्चीचा सोलो

रविवारी दुपारी फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जॅझ असतं. दुकान बंद असलं तरी वॉर्निशचा वास जिन्यापर्यंत येतो. पियानोवर माझा दादा, ड्रम्सवर सगळ्यांचे काका आणि या महिन्यापासून सॅक्सोफोनवर मी. माझ्या आधी जे वाजवायचे त्यांना सगळे साहेब म्हणत. ते वारले, म्हणून मला जागा मिळाली.

इथली एक रीत मला पहिल्याच दिवशी खटकली. शेवटच्या गाण्यात सॅक्सोफोनच्या सोलोची पाळी आली, की मी गप्प बसायचं. तेवढा वेळ साहेबांच्या रिकाम्या खुर्चीचा. काका ताल धरणार, दादा हलके सूर देत राहणार, लोक खुर्चीकडे बघणार आणि शेवटी टाळ्या. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, मी मनात म्हटलं. शहरात कार्यक्रम ठरवणारी मंडळी नेमकी शेवटच्या गाण्याला उगवतात. तिथेच मी मुकी राहिले तर मला ओळखणार कोण?

दुसऱ्या रविवारी मी लोकांकडे नीट पाहिलं. त्या रिकाम्या वेळात सगळ्यांच्या माना एकदम डोलत होत्या. मध्येच पहिल्या रांगेतली एक बाई हसली, एखाद्या खोडकर जागेला हसावं तशी, आणि त्याच क्षणी तिच्या मागचेही हसले. काकांनी त्या जागेला ड्रमवर उत्तर दिलं. मला फक्त ताल आणि दादाचे सूर ऐकू येत होते.

"लोकांना नक्की काय ऐकू येतं रे?" जिना उतरताना मी दादाला विचारलं.

"तुला नाही येत?" तो थबकला. "मग बरंय. नको विचारूस."

"पुढच्या वेळी तो सोलो मी वाजवणार."

"एवढं एक गाणं सोड ना, बये. साहेबांना मध्ये कुणी घुसलेलं खपायचं नाही."

"मलाही खपत नाही."

काल पाळी आली तशी मी उभी राहिले आणि सरळ वाजवायला लागले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. नजरा खुर्चीवरच. मी आवाज चढवला. श्वासासाठी थांबले, तर शेजारच्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी श्वास घेतला. वाजवायच्या आधी घेतात तसा, खोल.

मला घाम फुटला. त्याहून जास्त राग आला. माझ्या तोंडचा घास मी मेलेल्या माणसाला का द्यावा?

अर्धाच श्वास घेऊन मी त्याच्या आधी सुरुवात केली.

पुन्हा थांबले. आता तो श्वास माझ्या कानाशी होता.

पुन्हा मीच आधी.

मग थांबायचंच नाही असं ठरवलं. छाती फुटायला आली तरी सूर सोडला नाही.

एक मान माझ्याकडे वळली. मग दुसरी. मग सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. गाणं संपलं आणि टाळ्या पडल्या, त्या माझ्या होत्या.

दादा पियानोमागून उठून आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "झालं ना समाधान? आता बस कर."

"पुढच्या रविवारीही मीच वाजवणार," मी म्हटलं.

बोलायला श्वास लागतो. शेवटच्या सुरानंतर मी तो घेतलाच नव्हता. छाती मात्र संथपणे खालीवर होत होती.